जमिनीला पाय न लावण्याचा नवस

आमच्या भुईगावात एखाद्या बापाला बोल लावायचा असला, की अजूनही माझं उदाहरण देतात. "त्या मास्तरला बघ. पोराला कधी खांद्यावरनं खाली ठेवला नाही त्याने." मी समोर असलो तर माझ्याकडे बघून मानही डोलावतात. पुष्कळदा माझा मुलगाही तिथेच उभा असतो. उजवा पाय गुडघ्यात वाकलेला, टाच जमिनीपासून सुटलेली, भार सगळा चवड्यावर. माझं कौतुक आणि त्याची ती टाच यांचा काही संबंध असेल असं कुणाच्या मनात येत नाही. मला मात्र एक दिसलं की दुसरंही दिसतं.

तो रांगायला लागला तेव्हा त्याच्या गुडघ्यांवर आणि कोपरांवर निळे डाग उठायचे. माझ्या आईला वाटायचं, सून पोराला नीट धरत नाही. मग एकदा ओटीवर पडून त्याचा ओठ आतून फाटला. जखम तांदळाच्या दाण्याएवढी. पण रक्त थांबेना. जोरात वाहत नव्हतं, नुसतं पाझरत होतं. दिवस उलटले तरी पाझरत होतं. बायको जुन्या लुगड्याच्या चिंध्या करून त्याच्या तोंडाला लावत होती आणि त्या एकामागून एक भिजत होत्या. वसईच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. तिथे त्याला दुसऱ्याचं रक्तद्रव्य चढवलं आणि आम्हाला शब्द सांगितला : हिमोफिलिया. रक्त गोठवणारा एक घटक त्याच्यात जन्मतःच नाही.

डॉक्टरांनी बायकोला विचारलं, "माहेरी असं कुणाला होतं?"

ती म्हणाली, "धाकटा भाऊ होता. विळीवर बोट कापल्याचं निमित्त झालं."

डॉक्टर म्हणाले, हा आजार आईकडून मुलाकडे येतो. मग माझ्याकडे वळून म्हणाले, यात आईचा काही दोष नसतो, तिला स्वतःला त्याचा पत्ताही नसतो. त्यातलं पहिलं वाक्य मी घरी घेऊन आलो. दुसरं तिथेच ठेवून आलो.

तो चालायला लागला आणि थोड्याच दिवसांत त्याचा उजवा गुडघा पहिल्यांदा भरला. पडला नव्हता, आपटला नव्हता. सकाळी उठला तेव्हा गुडघा पपईसारखा सुजलेला, कातडी तापलेली आणि ताणून चकचकीत झालेली. कापडसुद्धा लागू देईना. पुन्हा मुंबई, पुन्हा बाटली. आतल्या आत सांध्यात रक्त उतरतं, असं सांगितलं. बाहेरचं रक्त निदान दिसतं तरी. हे दिसतही नव्हतं.

त्यानंतर आम्ही गासला तिच्या माहेरी गेलो. भाताची कापणी झाली होती, सासूने नव्या तांदळाचं जेवण केलं होतं. नातवाला कडेवर घेऊन वाढता वाढता ती सहज म्हणाली, "पोर सुकलाय हो."

मी म्हणालो, "सुकेल नाही तर काय? तुमच्याच घरचं रक्त आहे. एक पोर तुम्ही पुरलंत, आता माझं पुरा."

सासूने हातातला डाव ताटात ठेवला. बायको उठून मागे विहिरीवर गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली. संध्याकाळी मी सायकलवरून दोघांना घरी आणलं. मागे कॅरियरवर बसली की तिचा एक हात माझ्या कमरेला असायचा. त्या दिवशी तिने सीटखालची स्प्रिंग धरली होती.

मी शाळेत शिकवतो. वर्गात मुलाने चूक केली की त्याला ती कबूल करायला लावतो. मला मात्र बायकोपुढे उभं राहून "चुकलो" म्हणता आलं नाही. मी सोपी वाट धरली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मुलाला कडेवर घेऊन गल्लीच्या तोंडाशी आमचा क्रूस आहे तिथे गेलो, मेणबत्ती लावली आणि नवस बोललो : याचं रक्त आवरेपर्यंत मी याचे पाय जमिनीला लागू देणार नाही. याला मी वाहीन.

आमच्याकडे नवस काही नवे नाहीत. कुणी सणाला अनवाणी चालत जातो, कुणी गुडघ्यांवर देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, पायऱ्या चढतो. सगळे जण आपल्या शरीराला कष्ट देतात. माझ्या नवसात कष्ट माझ्या खांद्याला होते, असं मला वाटत होतं.

मी तो पाळला. देवळात, शाळेत, बाजारात, सणाच्या मिरवणुकीत, मुलगा माझ्या खांद्यावर. मोठा होत गेला तसा पाठीवर. वर्गात त्याला बाकावर बसवायचं, सुट्टीत उचलून बाहेर कट्ट्यावर ठेवायचं, आणि बाकीची मुलं वाळूत लगोरी खेळायची ती त्याने बघायची. घरी तो पलंगावर. संडासालाही मीच न्यायचो. आई म्हणायची, "माझा लेक संत आहे." फादरांनीही एका प्रवचनात नाव न घेता माझा उल्लेख केला. देवळात सगळ्या माना आमच्याकडे वळल्या आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं.

बायको एकदाच म्हणाली, "अहो, जरा खाली ठेवा ना त्याला. माझ्या समोर, चटईवर. नुसते पाय हलवू दे."

मी विचारलं, "आणि रक्त उतरलं तर? भावाचं बघितलंस ना?"

तिने चटई गुंडाळून ठेवली. मुलाच्या पायांबद्दल बोलायचा तिचा हक्क मी गासच्या त्या ताटावरच काढून घेतला होता. आज मला वाटतं, माझ्या त्या बोलण्याचं सर्वांत मोठं नुकसान तिला नाही झालं, मुलाला झालं. आमच्या घरात ज्या एका माणसाला खरं दिसत होतं, तिला मी मुकं करून ठेवलं होतं.

आणि रक्त तर उतरतच होतं. खांद्यावर असतानाही उतरत होतं. मी त्याचा अर्थ असा काढला, की मी अजून पुरेशी काळजी घेत नाही.

तो आठ वर्षांचा झाला तेव्हा त्याचे पाय माझ्या मनगटाएवढे होते. उजवा गुडघा सरळ होईना. सूज नसतानाही होईना. डावाही अखेरपर्यंत जाईना. मुंबईच्या इस्पितळात आम्हाला तळमजल्यावर व्यायामाच्या खोलीत पाठवलं. तिथल्या बाई उंच होत्या, आवाज खणखणीत. मी मुलाला पाठीवर घेऊन आत गेलो तेव्हा त्या दारातच आमच्याकडे बघत राहिल्या.

"याला रोज असंच आणता?"

"हो," मी म्हणालो. मला वाटलं, आता कौतुक होणार.

"खाली ठेवा."

मी त्याला टेबलावर बसवलं. बाईंनी त्याची मांडी दोन बोटांनी चाचपली. मग त्याला म्हणाल्या, "काय रे, शाळेत काय खेळतोस?"

"बघतो," तो म्हणाला.

"काय बघतोस?"

"लगोरी."

त्या माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही. "गुरुजी, सांध्याला आतून बांधून ठेवणारं काही असेल तर ते स्नायू. ते वापरले नाहीत की वाळतात. मग सांधा सैल पडतो आणि जरा कुठे कलला की परत रक्त. पाठीवर बसलेल्या मुलाचे गुडघे कायम वाकलेले राहतात. याला तुम्ही खुर्चीच्या मापाचा करून ठेवलाय."

बायको माझ्या मागे उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

मुलगा म्हणाला, "पप्पा, आपल्या केळीला घड आला की टेकू देतात, तसं ना?"

"तसंच," बाई म्हणाल्या. "फक्त तुझा टेकू तुझ्या आत आहे. तो जाड करायचा."

मग त्यांनी शिकवलं. टॉवेलची गुंडाळी करून गुडघ्याखाली ठेवायची. पाय न उचलता, गुडघ्याने ती गुंडाळी हळूच खाली दाबायची. मांडी घट्ट झाली पाहिजे. धरायचं, सोडायचं. बस, एवढंच. ओढायचं नाही, चोळायचं नाही, तेलमालीश तर अजिबात नाही. सूज किंवा गरमपणा असेल त्या दिवशी काहीच नाही. बर्फ, विश्रांती, आणि इकडे यायचं. सूज उतरली की पुन्हा गुंडाळीपासून सुरुवात. पुढे उजव्या पायाला प्लास्टर घालून थोडा थोडा सरळ करू. आणि मग पाणी. "पोहायला कुठे आहे तुमच्याकडे?"

"समुद्र आहे," मी म्हणालो.

बायको पहिल्यांदाच बोलली. "समुद्र नको, लाट आपटते. आमच्या वाडीत बावखल आहे."

बाईंना बावखल माहीत नव्हतं. तिने सांगितलं : वाडीला पाणी द्यायला आमच्याकडे पूर्वीपासून खोदलेलं गोड्या पाण्याचं तळं असतं, एका बाजूने उतार, पाणी संथ. बाई म्हणाल्या, "यापेक्षा चांगलं मला मुंबईत नाही मिळायचं."

घरी आलो आणि मला त्याला खाली ठेवता येईना.

हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात मी त्याला चटईवर ठेवायला वाकायचो आणि माझे हात सुटायचेच नाहीत. नवस मोडला आणि त्याच दिवशी रक्त उतरलं तर? आणि नवस पाळला तर पाय जाणार. मला रस्ताच दिसेना. जेवण जाईना. शेवटी मी फादरांकडे पापनिवेदनाला गेलो आणि सगळं सांगितलं, गासचं जेवणही.

जाळीपलीकडे फादरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मास्तर, नवस तुम्ही बोललात, आणि फेडायला मुलाला बसवलंत."

मी रडलो.

"नवस सोडवायचा अधिकार चर्चला आहे. मी सोडवतो. पण प्रायश्चित्त म्हणून बदली नवस घ्यायचा. उद्यापासून रोज त्याला जमिनीवर ठेवायचं. आणि गासला जाऊन यायचं."

पहिली गोष्ट मी दुसऱ्या दिवशी केली. दुसरीला फार उशीर लावला. गेलो तोवर सासूला माणसं ओळखू येत नव्हती. मी माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, "जेवलास का, बाबा?"

गुंडाळी दाबून किती वेळ धरायचं, यावर आमच्याकडे घोळ झाला. घड्याळाकडे बघत बसलं की मुलगा कंटाळायचा. तोड बायकोने काढली. संध्याकाळी घरात रोझरी व्हायचीच. आम्ही सगळे गुडघे टेकून, आणि मुलगा चटईवर आडवा, गुडघ्याखाली टॉवेल. माळेचा मणी पुढे सरकला की एक 'नमो मारिया' संपेपर्यंत दाबून धरायचं, पुढच्या मण्याला सोडायचं. एक मणी कष्टाचा, एक विसाव्याचा.

आई भडकली. "देवाच्या माळेवर कसरत? हा काय आखाडा आहे?"

मुलगा खालून म्हणाला, "आजी, तू 'नमो मारिया' फार लांबवतेस. माझी मांडी फुटेल."

"प्रार्थना घाईत करायची नसते, मेल्या."

"मग तू ये इथे, मी म्हणतो घाईत."

आई हसू दाबत पुढचं म्हणू लागली. पण तेव्हापासून तिच्या पाळीला ती जरा भरभर म्हणायची, हे मी टिपलं होतं.

प्लास्टरचे दिवस वाईट गेले. प्लास्टर काढलं की पाय थोडा सरळ झालेला असायचा. तेवढ्यात रक्त उतरायचं आणि पुन्हा वाकायचा. दोन पावलं मिळवायची, दीड गमवायची. गावात फ्रीज मोजक्याच घरांत. बर्फ हवा तर मी सायकलने पाचूबंदरला जायचो. तिथे मासळीचा बर्फ मिळायचा. लिलावाच्या गोंगाटात एक कोळीण मावशी मला लांबून बघूनच लादी फोडायला घ्यायची.

"परत गुडघा?"

"परत."

"जा, मास्तर, पळ. बरफाचं पानी होईल वाटेत."

गोणपाटात भुसा घालून, त्यात बर्फ बांधून आणायचा. घरी येईपर्यंत अर्धा उरायचा. गुडघ्यावर ठेवला की सगळ्या खोलीत मासळीचा वास. मुलगा दुखण्याने पांढरा पडलेला असायचा तरी म्हणायचा, "पप्पा, मांजर आत घेऊ नका. माझा बोंबील झालाय."

बावखलात मी त्याला पहिल्यांदा उतरवलं तेव्हा पावसाळा नुकताच सरला होता. पाणी काठोकाठ. दोन्ही बाजूंनी केळी आणि सुपारी, मधे हिरवं गार. मी छातीभर पाण्यात उभा राहून त्याला पाठीवर तरंगत धरलं. बायको उताराच्या कडेला पाण्यात बसून त्याची टाच तळव्यावर घ्यायची आणि म्हणायची, "माझा हात ढकल. हळू. अजून हळू." इतक्या वर्षांनी त्याच्या पायाला तिचा हात लागत होता. मी आजवर मधे उभा होतो, तो आता निदान बाजूला उभा होतो.

काठावरून माझा चुलतभाऊ जायचा. "काय मास्तर, बेडूक पाळलाय?"

"बेडकाच्या मांड्या बघितल्यास, काका?" मुलगा ओरडायचा. "मला तशा पाहिजेत!"

पाण्यात त्याला वजन नव्हतं. एका सकाळी मी त्याच्या पाठीखालचे हात हळूच काढले. त्याला कळलं नाही. मग कळलं, आणि तो न घाबरता आभाळाकडे बघत तसाच राहिला. माझे रिकामे हात पाण्याखाली होते. त्यांचं काय करावं, मला समजेना.

इथे हे लिखाण थांबवता आलं असतं तर बरं होतं. पण मी एक घोडचूक सोडून दुसरीत शिरलो. आधी मी व्यायामाला भ्यायलो होतो. आता व्यायाम चुकायला भिऊ लागलो. गमावलेली वर्षं मला भरून काढायची होती. तो कंटाळला, "आज नको" म्हणाला, की माझा चेहरा पडायचा. बायको म्हणायची, "तुमच्या तोंडाकडे बघून तो पाय हलवतो." गुडघा सुजला की मी तर त्याच्यापेक्षा जास्त कोसळायचो, जेवायचो नाही, कपाळावर हात मारून घ्यायचो. मला ते प्रेम वाटत होतं. त्या मुलाला माझा चेहरा हे दुसरं दुखणं होऊन बसलं होतं.

एका संध्याकाळी रोझरीच्या वेळी तो नेहमीसारखा गुंडाळी दाबत होता. बोलत नव्हता. कपाळावर घाम होता. मी म्हणालो, "शाब्बास, आज जोर चांगला लागतोय." शेवटच्या मण्याला त्याच्या तोंडून असा काही आवाज निघाला की बायको माळ टाकून उठली. उजवा गुडघा तापलेला होता, टरारलेला होता.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"सकाळी मुंग्या आल्या होत्या."

"सकाळी? मग सांगितलं का नाहीस?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "पप्पा परत तसं करतील म्हणून."

रक्त उतरायला लागलं की सूज दिसण्याआधीच त्याला आतून कळायचं : मुंग्या, जरा ऊब. तेवढ्यात थांबलं, बर्फ लावला, इस्पितळ गाठलं, तर पुष्कळ वाचतं. हे दुसऱ्या कुणालाही कळणं शक्य नव्हतं. ते फक्त त्यानेच सांगायचं. आणि दिवसभर ते त्याने माझ्यापासून लपवलं होतं, रक्त भरत असलेल्या गुडघ्याने टॉवेल दाबत राहिला होता, मला शाब्बास म्हणता यावं म्हणून.

त्या वेळी इस्पितळात फार दिवस गेले. उजवा गुडघा पुढे पूर्ण सरळ झाला नाही. बाई आम्हाला म्हणाल्या, "हा एवढाच राहील. आता डावा सांभाळा. डावा चांगला राहिला तर हा आयुष्यभर चालेल." आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्याला बोलावंसं वाटेल असा चेहरा ठेवायला शिका. तो तुमचा व्यायाम."

मी शिकतो आहे, असं म्हणतो. आरशासमोर उभं राहून शिकण्यासारखी ती गोष्ट नाही. तो घरात शिरला की मी आधी त्याच्या पायांकडे बघतो, हे त्याला माहीत आहे. तो "काही नाही" म्हणतो तेव्हा त्या "काही नाही"वर विश्वास ठेवावा की नाही, मला कळत नाही. खोटं बोलायला मीच त्याला शिकवलं. डाव्या गुडघ्याचं सगळं आता एका गोष्टीवर येऊन थांबलं होतं, त्याला मुंग्या आल्या की तो मला सांगेल का, आणि ती गोष्ट माझ्या हातात नव्हती.

वर्षं गेली. तो हायस्कुलात गेला, स्वतःच्या पायांनी, लंगडत. आई गेली तेव्हा शवपेटीमागून तो देवळापर्यंत चालला. सारी वाट मी मागे चालत होतो आणि माझे हात पुढे होत होते. त्याच सुमारास बावखल आटायला लागलं. आजूबाजूच्या वाड्यांत इंजिनं बसली होती, रात्रंदिवस पाणी उपसत होती. चुलतभावाने तर आपलं बावखल मातीने बुजवून टाकलं. आमचं माघापासूनच उताराच्या तळाशी जायचं आणि जे उरायचं ते मचूळ. मी रोज जाऊन बघायचो. पाणी उतरलेल्या चिखलावर त्याच्या पावलांचे ठसे असायचे, डाव्या पायाचा अख्खा आणि उजव्याचा नुसता चवडा. तो एकटाच येऊन, उरलेल्या कमरेइतक्या पाण्यात पाय मारून जायचा. मला न सांगता. मला ते कळलं तेव्हा आधी भीती वाटली आणि मग लाज वाटली, की आधी भीती वाटली.

परवाची गोष्ट. मी आणि बायको वाडीत केळीची पानं उतरवत होतो. तो बावखलात होता. पाणी इतकं कमी की तो त्यात बसल्यासारखाच दिसत होता. अचानक तो हलायचा थांबला.

मी बघितलं. तोंडाचे स्नायू जसेच्या तसे ठेवायचा प्रयत्न केला. किती जमलं, माहीत नाही.

तो आमच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पप्पा."

"हं."

"मुंग्या येतायत. डाव्या."

डाव्या. चांगल्या गुडघ्यात. मी पान खाली ठेवलं आणि विचारलं, "आत्ता आल्या?"

"आत्ताच. मी पाय टेकत नाही. तुम्ही उचला."

तो आता माझ्या खांद्यापेक्षा उंच आहे. मी चिखलात उतरलो, त्याच्या काखेत हात घातले, पण एकट्याने तो निघेना. माझ्या कमरेत जागच्या जागी कळ आली. बायको साडी खोचून खाली आली. "पायाकडनं मी धरते," ती म्हणाली. "गुडघा वाकवायचा नाही. आहे तसा राहू दे."

आम्ही दोघांनी त्याला उचललं. ती पुढे, मी मागे. उतारावर माझा पाय घसरला तेव्हा तो म्हणाला, "सावकाश, पप्पा. घाई नाही. मी वेळेत सांगितलंय."

पलंगावर ठेवल्यावर मी सवयीने कोनाड्यातली टॉवेलची गुंडाळी काढली. त्याने मान हलवली.

"आज नाही. आधी बर्फ. सूज उतरू दे."

मी गुंडाळी परत कोनाड्यात ठेवली. डावा गुडघा हळूहळू भरत होता. किती भरेल, पुन्हा सरळ होईल की नाही, कुणाला सांगता येत नव्हतं, आजही येत नाही. बायको दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हणालो, "तू बस त्याच्याजवळ. काय करायचं ते तुला कळतं." एवढंच. गासचं जेवण झाल्याला किती वर्षं लोटली होती. ती आत आली. त्याच्या टाचेखाली तळवा ठेवून बसली.

मी सायकल काढली आणि पाचूबंदरची वाट धरली.